वर्षातून एकदा लागणारं सगळं वर

आमच्या गाडीला राहायला खोली होती, पण त्या खोलीत गाडीला जागा नव्हती. इथूनच सगळं सुरू झालं.

कारंज्याच्या बाहेरच्या एका लेआउटमध्ये आमचं घर आहे. घराला लागून मुलानं एक खोली काढली. वर स्लॅब, पुढे शटर. तो तिला गॅरेज म्हणतो. आमचे हे तिला अजून गोठा म्हणतात, कारण घर बांधायच्या आधी त्याच जागी आमची म्हैस बांधलेली असायची. मी दोघांचंही ऐकते आणि नुसतं 'ती खोली' म्हणते.

तर त्या खोलीत काय नव्हतं हे सांगणं सोपं आहे. गाडी नव्हती. बाकी सगळं होतं. उन्हाळा संपला की आत ढकलायचे दोन कूलर. फवारणीचे दोन पंप, त्यातला एक गळका. ठिबकच्या नळ्यांची वेटोळी. ज्या मोटारीला भंगारात जाऊन जमाना झाला तिचा स्टार्टर. शेवयांचं मशीन. लग्नकार्यातली मोठी पातेली. आणि रिकामे बारदाने, ह्यांनी घड्या घालून ठेवलेले, एखाद्या बाईनं शालू ठेवावेत तसे. गाडी बिचारी बाहेर निंबाखाली. रोज सकाळी मुलगा ओल्या फडक्यानं पाखरांची घाण पुसायचा, तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं इतक्या हलक्या हातानं. माझ्या घरात इतक्या हलक्या हातानं कुणी कधी भांडं पुसलेलं मी पाहिलं नाही.

मग एक दिवस त्याला मोबाइलवर कुण्या गोऱ्या माणसाचं गॅरेज सापडलं.

ते गॅरेज आमच्या हॉलपेक्षा मोठं. फरशी अशी की पंगत बसवावी. छताला लोखंडी रॅक टांगलेला, त्यावर एकसारखे डबे, डब्यांवर चिठ्ठ्या, आणि खाली गाडी ऐसपैस उभी. मुलानं ते सगळ्यांना दाखवलं. ह्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं.

"याच्या घरी बारदाना नाई काय?" हे म्हणाले.

"बाबा, त्याले बारदाना कायले लागते?"

"मंग ठेवते काय त्या डब्यात?"

मुलानं पुन्हा मोबाइल लावून पाहिला, डबे सगळे बंदच होते. पण रॅक करायचा हे ठरलं. ठरलं म्हणजे आता अभ्यास सुरू झाला. आमच्या मुलानं दहावीला इतका अभ्यास केला असता तर आज तो कलेक्टर असता. तयार रॅक मागवायचा की बनवून घ्यायचा? पत्र्याचा की जाळीचा? स्लॅबला टांगायचा की भिंतीतून काढायचा? संध्याकाळी नोकरीवरून आला की चहाच्या आधी टेप हातात. खोलीची उंची मोजली, गाडीची उंची मोजली, मग पुन्हा खोलीची मोजली. मला वाटलं रात्रीतून खोली खाली बसते की काय अशी याला शंका असावी. शेजारचे येऊन सल्ला देऊन गेले. एकानं सांगितलं कप्पी लाव, दोरानं वरखाली होईल. दुसरा म्हणाला, इतक्या भानगडीपेक्षा गाडी लहान घ्यायची होती.

शेवटी कामरगावचा एक वेल्डिंगवाला मिस्त्री आला. त्यानं मोबाइलमधला रॅक बोटानं मोठा करून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"दादा, हे तर कपडे वाळू घालाची जाळी झाली. आपण अँगल मारू. वर स्लॅबले फास्टनर ठोकू. असा करून देतो, वर बैल बी बसवा."

"बैल इकले जी आमी," हे म्हणाले.

"पण वजन किती पेलते ते सांग," मुलगा म्हणाला.

"तुमी ठेवता किती ते सांगा."

"आधी तू सांग, मंग आमी ठरवतो."

"आधी तुमी सांगा, मंग मी बनवतो."

चहा दोनदा झाला, तरी आधी कुणी सांगायचं हे काही ठरलं नाही.

पुढच्या अंगाला शटरचा गुंडाळा येतो, म्हणून रॅक खोलीच्या मागच्या भिंतीपासून पुढं काढायचा ठरला. तीन बाजूंना भिंती, सामान चढवायला उतरवायला एकच तोंड, समोरचं. ही गोष्ट लक्षात ठेवा. आमच्या घरात कुणी ठेवली नाही.

सून इंझोरीच्या शाळेत शिकवते. तिनं रेघा मारून यादी केली. रोज लागतं ते घरात. महिन्यातून लागतं ते भिंतीच्या खुंटीवर. आणि वर्षातून एकदा लागणारं सगळं वर. यादी फ्रिजवर चिकटवली. हे जवळ जाऊन वाचत उभे राहिले.

"कायले पाहून राह्यले, बाबा?"

"मले कोणत्या रकान्यात टाकलं ते पाह्यतो."

आम्ही हसलो. पण मी यादीत खाली गेले आणि माझं हसू थांबलं. कूलर, पंप, शेवया मशीन, मोठी पातेली, आणि पाचव्या ओळीवर, सुवाच्य अक्षरात, 'महालक्ष्म्यांची पेटी'.

भादव्यातल्या गौरींना आम्ही महालक्ष्म्या म्हणतो, त्यांची ही पेटी माझ्या खाटेखाली असायची. तिच्यात दोन पितळी मुखवटे, दोन बाळं, पत्र्याची धडं, त्यांच्या साड्या, पोत, आणि सासूबाईंच्या हातचं एक तोरण. सासूबाईंनी अंथरूण धरलं त्या वर्षी पेटीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. आणि खायला काय केलं, एवढंच विचारलं. तेव्हापासून भादवा लागला की मी खाटेखालून पेटी ओढायची, मुखवटे चिंचेनं घासायची, साड्यांना ऊन दाखवायची. कुणाला हाक मारावी लागत नसे. घरात किती गोष्टींसाठी मला आता हाक मारावी लागते! गॅसच्या टाकीसाठी, मोबाइलच्या रिचार्जसाठी, औषधाच्या बाटलीच्या झाकणासाठीसुद्धा. ही एक पेटी होती जिच्यासाठी लागत नव्हती. आणि माझे गुडघे असे, की पोहरादेवीच्या यात्रेत गर्दीतून मी चालून येते, पण शिडीची दुसरी पायरी काही मला चढवत नाही. वर गेलेली वस्तू माझ्या हातातून गेली.

मी म्हटलं, "पेटी राहू द्या ना माह्या खाटेखाली."

"आई, तठी ओल येते, मुंग्या येतेत. वर कशी सुरक्षित राहीन," मुलगा म्हणाला. "तू फक्त सांगत जाय. मी काढून देत जाईन."

किती प्रेमानं म्हणाला! त्या प्रेमापुढं काही बोलता येईना. मी मनात म्हटलं, ठीक आहे, जायचंच आहे ना वर, तर माझ्या महालक्ष्म्या काही गळक्या पंपाच्या मागून जाणार नाहीत.

चैत्रात रॅक लागला, अँगलचा सांगाडा आणि तळाला जाळी. दिवसभर ड्रिल चाललं. स्लॅबची भुकटी माझ्या भाकरीच्या पिठापर्यंत आली. शेवटचा नट आवळून झाल्यावर मुलानं पुन्हा विचारलं, पेलेल का? मिस्त्रीनं दोन्ही हातांनी अँगल धरला, शिडीवरून पाय सोडले आणि लटकला.

"पाहा. हालला काय?"

"हालला नाई," हे म्हणाले. "पण मिस्त्री ठेवाचा नाई आमाले तठी."

मी नारळ फोडला, रॅकला हळदकुंकू लावलं. मुलगा शिडीवर चढला आणि म्हणाला, "द्या, काय देता पयले?"

आता ऐका. इथं मी कुणाला दोष देत नाही. तोंड माझं होतं. मी म्हटलं, "पयले देव!"

सगळ्यांच्या माना हलल्या. बरोबर आहे, पहिले देवच. ह्यांनी टोपी सारखी केली, सुनेनं पदर घेतला, मिस्त्रीनं चपला काढल्या. दोघांनी मिळून पेटी वर दिली आणि मुलानं ती मानानं आत सरकवली, थेट मागच्या भिंतीपर्यंत. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. मग तिच्यापुढं मोठी पातेली, पातेल्यांपुढं शेवयांचं मशीन, त्यापुढं नळ्या, पंप, बारदाने. एक कूलर उन्हाळ्यापुरता खाली राहिला, दुसरा अगदी तोंडाशी बसला, बाटलीला बूच बसावं तसा. टेप धरणारा मुलगा, रेघा मारणारी सून, बैल तोलणारा मिस्त्री, आणि साठी उलटलेली मी. एकाच्याही डोक्यात आलं नाही, की जे पहिले आत जातं ते शेवटी बाहेर येतं. हात जोडलेले असले की माणसाचं डोकं जरा सुटीवर जातं.

गाडी आत आली. शटर पडलं. मुलाच्या चेहऱ्यावर असं समाधान, जणू घरात लग्न निर्विघ्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी त्यानं डिक्की उघडली आणि ती खाडकन वर अँगलला लागली. गाडीची उंची त्यानं पंचवीस वेळा मोजली होती, पण पंचवीसही वेळा डिक्की बंद ठेवून. मग असं ठरलं की डिक्की बाहेर उघडायची, सामान काढायचं, आणि मग गाडी आत घ्यायची. ह्यांना नवीन काम मिळालं. रोज संध्याकाळी रॅकखाली उभं राहून हात हलवायचा, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस!" निवृत्तीनंतर ह्यांचा इतका उत्साह मी पहिल्यांदा पाहिला.

वैशाखात मला शेवया करायच्या होत्या. मी मशीन मागितलं.

"रविवारी काढतो, आई."

रविवारी एक लग्न होतं. पुढच्या रविवारी दोन होती. तिसऱ्या रविवारी तो शिडी घेऊन गेला, कूलरला हात लावून पाहिला, आणि परत आला. "आई, शेवया बजारात लय चांगल्या भेटतेत आता." त्या वर्षी माझ्या घरात विकतच्या शेवयांची खीर झाली. सगळ्यांनी छान म्हटलं. मी पण म्हटलं. पण त्या दिवसापासून मला कॅलेंडरची धास्ती बसली. शेवया विकत मिळतात. सासूबाईंच्या महालक्ष्म्या कुठं मिळतात?

आषाढ लागला तशी मी सुरुवात केली. "पेटी काढून ठेव रे."

"आई, दोन महिने हायेत अजून!"

श्रावणात म्हटलं. तो म्हणाला, पाणी उघडू दे. भादव्यात म्हटलं. तो म्हणाला, रविवारी. आणि त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या येण्याचं नक्षत्र होतं बुधवारी. नक्षत्राला काय माहीत आमच्या घरचं कामकाज रविवारी चालतं. मधे एकच रविवार आला, तो गणपतीच्या पाहुण्यांत आणि पावसात गेला.

मंगळवारी मी जेवले नाही. रुसले नव्हते, ताट झाकलं आणि उठले. त्या खोलीत जाऊन मान वर करून पाहिलं. जाळीतून, सगळ्याच्या पार मागे, पेटीचा एक हिरवा कोपरा दिसत होता. दिसत होता, हेच जास्त वाईट. हे मागून आले.

"अवं, मान अवघडीन."

"अवघडू द्या."

ह्यांनी पण वर पाहिलं. मग म्हणाले, "पयले देव म्हणे." आणि मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

मुलानं ते दारातून पाहिलं. बुधवारी त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सून शाळेतून लवकर आली. गाडी बाहेर चिखलात काढली आणि सगळं उतरवायला घेतलं. बाहेर असा पाऊस, की अंगणात काही ठेवता येईना. मग सगळं हॉलमध्ये. कूलर सोफ्याशेजारच्या कोपऱ्यात, नळ्या टीव्हीखाली, पंप दिवाणावर, पातेली देवघराच्या दारात. बारदाने तर ह्यांनी स्वतः एकेक करून आणले, कुणाला हात लावू दिला नाही. सगळ्यात शेवटी पेटी आली. धूळ सोडली तर जशी होती तशी. मी किल्ली लावली, मुखवटे हातात घेतले, आणि मग मान वर करून पाहिलं.

हॉलमध्ये पूर्वेच्या कोपऱ्यात त्या दर वर्षी बसतात. तिथं कूलर बसला होता.

मुलगा घामानं भिजलेला. "आई, दोन तास दे. सगळं परत वर चढवतो."

सुनेनं घड्याळ पाहिलं. "दोन तासांत मुहूर्त निघून जाईन ना."

मी रिकाम्या झालेल्या खोलीकडं पाहिलं. इतकी स्वच्छ, इतकी मोकळी ती कधी दिसली नव्हती. म्हटलं, "तठीच बसवू."

"गोठ्यात?" हे म्हणाले.

"गोठा कायचा जी? गॅरेज हाय ते. तुमचाच पोरगा सांगते."

"पण आई, गाडी?"

"गाडीले काय मुहूर्त लागते काय?"

फरशी धुतली. पेट्रोलचा वास जाईना म्हणून धूप लावला. मागच्या भिंतीला, रॅकच्या बरोबर खाली, चौरंग मांडले. अँगलला साड्या बांधल्या तर असा मंडप झाला की काय सांगू. मग तुळशीपासून मी एक मुखवटा घेतला, सुनेनं दुसरा. दरवर्षीप्रमाणे सगळं घर दाखवत निघालो. ह्यांनी विचारायचं, आम्ही सांगायचं.

"कोण आलं?"

"महालक्ष्मी आली."

"कोणत्या पावलानं?"

"सोन्याच्या पावलानं."

स्वयंपाकघर दाखवलं, धान्याच्या कोठ्या दाखवल्या. हॉलमध्ये आलो तर पाय ठेवायला जागा नाही. ह्यांनी विचारलं, "अठी काय हाय?"

दरवर्षी इथं धनदौलत म्हणायचं असतं. सून म्हणाली, "अठी कूलर हाय, पंप हाय, बाबांचे बारदाने हायेत." आणि हातात देवी धरून ती अशी हसली, की मुखवट्याच्या नाकातली नथ हलायला लागली. मी रागावणार होते. पण खरं तर आमची दौलत एवढीच आहे, आणि ती चैत्रापासून त्यांच्या तोंडापुढं लावून ठेवलेली होती. त्यांना काही नवीन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवण. फुलोरा बांधायची वेळ आली. करंज्या, पापड्या, वेणीफणी, सगळं तळून दोऱ्यात ओवलेलं. दरवर्षी हॉलमध्ये खिडकीपासून पंख्यापर्यंत काठी अडकवायची आणि ती एकदा तरी पडायची. सुनेनं वर पाहिलं. रॅकची जाळी! स्टुलावर चढून तिनं एक दोरा बांधला, दुसरा बांधला, बघता बघता महालक्ष्म्यांच्या डोक्यावर सगळं आभाळ भरून टाकलं. एक पापडी वाकडी नाही.

मिस्त्रीला जेवायला बोलावलं होतं. तो पानावरून उठला तरी वरच पाहत होता.

"काकू, बैल पेलन असा अँगल मारला मी. अन् तुमी करंज्या लटकवल्या?"

"मजबूत नको का, बाबा? तूच तर लटकून दाखवलं होतं."

लेआउटमधल्या बाया हळदीकुंकवाला आल्या. ओटी भरायच्या आधी सगळ्यांचं लक्ष वर. "अवं माय, काय सोय केली फुलोऱ्याची! कोणत्या मिस्त्रीनं केली?" मुलगा दारात तोंड पाडून उभा होता, त्याला विचारलं तर एकदम खुलला. फास्टनर किती खोल, जाळी किती मापाची, सगळं सांगत सुटला. दोन घरचे नवरे नंतर टेप घेऊन आले.

त्यातल्याच एका म्हाताऱ्या शेजारणीला मी जरा मोठ्यानं विचारलं, मुलगा ऐकेल इतक्या मोठ्यानं, "काय हो काकू, एकदा जागा बदलली की मंग?"

"मंग तेच जागा. महालक्ष्म्याची बसाची जागा मोडत नाईत बाई."

मुलानं गाडीकडं पाहिलं. ती निंबाखाली भिजत होती.

तिसऱ्या दिवशी बोळवण झाली. मी मुखवटे पुसले, साड्यांच्या घड्या केल्या, पेटीला किल्ली लावली. मुलगा शिडी घेऊन हजर. त्यानं विचार करून ठेवला होता. "आई, आता पेटी सगळ्यात शेवटी ठेवू. म्हणजे एकदम समोर राहीन. लगेच निघीन."

बरोबर होतं त्याचं. मी रॅकखाली जाऊन उभी राहिले आणि हात वर केला, जितका जातो तितका. बोटं आणि अँगल यांच्या मध्ये हातभर अंतर राहिलं. हात तसाच धरला.

तो पाहत राहिला. मग खिशातून टेप काढला. मला वाटलं आता पुन्हा रॅक मोजतो. त्यानं टेपचं टोक माझ्या पायाशी ठेवलं आणि वर माझ्या बोटांपर्यंत ओढलं. मग म्हणाला, "खाली घे हात." कंबरेशी घेतला. तेही मोजलं. मोबाइलमध्ये लिहून घेतलं आणि शिडी घेऊन निघून गेला.

पुढचा रविवार खरंच रविवारी आला. मिस्त्रीनं मागच्या भिंतीला, माझ्या कंबरेइतक्या उंचीवर, पेटीच्या मापाची एक फळी ठोकून दिली. पेटी तिच्यावर बसली. ती पेटीइतकी पुढं आली, तितकी गाडी मागं सरकली. आता गाडीचं तोंड आत असतं, शेपूट दोन वीत बाहेर, आणि शटर लागत नाही. मी म्हटलं, मोजण्यात चुकलास काय रे? तो म्हणाला, "नाई चुकलो, आई. मोजूनच केलं."

सकाळी तो फडकं घेऊन बाहेर जातो, आता फक्त मागचाच भाग पुसावा लागतो. हे अजून रॅकखाली उभे राहून हात हलवतात, पण 'बस' जरा लवकर म्हणतात. परवा कारण काही नव्हतं, तरी मी जाऊन पेटी उघडून पाहिली. एकदा नाही, दोनदा. मग मिस्त्रीला निरोप पाठवला, की पुढच्या भादव्याआधी जाळीला चार हुक वाढवून दे, यंदा पापड्या जरा दाटीनं बसल्या होत्या.